पुंडूचं कोरं कार्ड

माझ्या दुकानाच्या पाटीवर चार ओळी होत्या. पहिली झेरॉक्सची, दुसरी टायपिंगची, तिसरी लग्नपत्रिका आणि नाटकाच्या हँडबिलांची. चौथी मी दोन वर्षांपूर्वी हौसेनं रंगवून घेतली होती: 'कादंबरी लिहिण्यास मदत केली जाईल.' यंदाच्या पावसाळ्यात ती पुसून घेतली. रंग सारखा जमला नाही, त्यामुळे पुसलेली जागा रस्त्यापलीकडूनही दिसते. बाजाराच्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "अक्का, हितं काय हुतं?" मी सांगते, "माझा शहाणपणा होता. ऊन लागून उडाला."

तो शहाणपणा कसा आला आणि कसा गेला, ते सांगते. जिचं आहे तिची परवानगी घेतली आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहिलेलंच नाही. ह्या वेळी दोनदा तपासलं.

रामनगरात मी सत्तावीस वर्षं टायपिंग करते आहे. बाहेरच्यांना वाटतं, टायपिंग म्हणजे समोरचा कागद बघून बोटं चालवायची. आमच्याकडं समोर कागद नसतो, माणूस असतो. तो जोयड्याहून, अणशीच्या रानातून, दोन बस बदलून येतो, स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "लिव अक्का." मग बोलायला लागतो. आधी आजा, मग बाप, मग भावकी, मग सुप्याच्या धरणात गेलेलं घर. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचंय, हे मूळ काम सगळ्यात शेवटी निघतं. त्यातलं काय अर्जात घ्यायचं आणि काय आपल्या पोटात ठेवायचं, एवढंच आमचं कसब. बोटं कुणाचीही चालतात.

माझी खोड अशी की मला सगळंच घ्यावंसं वाटतं. गव्यांनी भात तुडवल्याचा एका शेतकऱ्याचा अर्ज मी लिहिला, तर त्यात धुकं आलं, ओल्या गवताचा वास आला, गव्याच्या पायातले ते पांढरे मोजेसुद्धा आले. अर्ज परत आला. वर शेरा होता, 'गवे किती ते लिहावे.' आमच्या घरच्या प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट निघते. सांगते मीच. नवरा मागून पुस्ती जोडतो, "हिच्या गोष्टीत गावातनं निघालेला वाघ घरी पोचेपर्यंत बाळंत होतो."

बेळगावला नोकरी करणारी माझी लेक एका सुट्टीत म्हणाली, "आई, एवढं सांगतेस तर लिही तरी," आणि तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. मी आधी हसले. कादंबरीला कसलं यंत्र? ते काय भात कांडायचं आहे? पण उघडून बघितलं आणि मला त्याचं वेडच लागलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर डावीकडं प्रकरणांची यादी असते. मध्ये एक फळा, त्यावर एकेका प्रसंगाचं कार्ड टाचणीनं टोचल्यासारखं दिसतं. प्रसंग पुढं-मागं करायचा तर कार्ड उचलून दुसरीकडं ठेवायचं, आतला मजकूर मुकाट मागोमाग जातो. प्रत्येक पात्राचंही कार्ड असतं: नाव, वय, दिसणं, सवयी, भीती. शेवटचा रकाना 'या पात्राला काय हवं आहे?' रकाने इंग्रजीत होते, ते मी मराठी करून घेतले. आणि एक वेळेचा तक्ता असतो. आडवी वेळ, उभी पात्रं. कोण कुठल्या घटकेला कुठं होतं, ते तिथं भरायचं. कुणाचा ठावठिकाणा नीट लागत नसेल तर तिथं रिकामा चौकोन दिसतो. सॉफ्टवेअर काही बोलत नाही. नुसता चौकोन दाखवतं.

मी माझ्या कादंबरीची बेचाळीस कार्डं केली, तीन रंगांत. ओळ एकही लिहिली नाही. दुसऱ्यांचं लिहायची सवय लागलेल्या बोटांना आपलं काही सुचेना. मग ठरवलं, हेही दुसऱ्यांसाठीच करू. पाटी रंगवली. गणेशगुडीला नदीत पर्यटकांच्या होड्या नेणारा एक जण पहिला आला. त्याच्या प्रेमकथेत बारा प्रकरणं होती आणि बाराही प्रकरणांत नायिका काळी नदीत पडत होती. फळ्यावर कार्डं मांडून दाखवली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "अक्का, ही एकदा तरी पोहायला शिकू दे." मला वाटलं, आपण आता लेखक घडवणार.

मग शाणूमामा आले.

त्यांना मी पूर्वीपासून ओळखत होते. जंगलखात्याच्या रोपवनात मजुरी करता करता म्हातारा झालेला माणूस. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. पण गावच्या जत्रेतलं नाटक दर वर्षी त्यांनी लिहायचं, त्यांनी बसवायचं आणि राजाचं काम त्यांनीच करायचं. हँडबिल छापायला माझ्याकडं यायचे. हँडबिलावर पात्रपरिचय असतो, डावीकडं पात्राचं नाव आणि उजवीकडं ते काम करणाऱ्या माणसाचं. राजा, समोर शाणू. प्रधान, समोर अमुक. राणी, समोर तमुक, आणि त्या तमुकची मिशी गावभर माहीत. इतकी वर्षं मी ते टाइप केलं की माझ्या बोटांना वळणच पडलं, की डावीकडं सोंग आणि उजवीकडं माणूस.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार वह्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"अक्का, ह्याचं नाटक हुईत न्हाई. कादंबरी करा."

"का हो मामा? एवढी नाटकं केलीत की."

"नाटकाला मानसं म्होरं बसत्यात," ते म्हणाले. "कादंबरी येकेक जन आपापल्या घरात वाचतंय."

माझ्या नवऱ्यानं त्यांच्यापुढं तंबाखूची पिशवी केली. त्यांनी हात मागं घेतला. "न्हाई. सोडली. लई वर्सं झाली." आमच्या भागात त्या वयाचा, तंबाखू न खाणारा माणूस विरळा. मला तेवढंच नवल वाटलं आणि मी वही उघडली.

गोष्ट चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची होती. रानडुकरं पिकलेलं भात उलथंपालथं करत होती, म्हणून गावानं दिवसाढवळ्या हाका काढला. शिकारीला बंदी होती, पण ठासणीच्या चार बंदुका गावात होत्या. अर्धी माणसं डोंगरावरून ओरडत, पत्रे बडवत खाली येणार. चार बंदूकवाले आणि त्यांच्यामध्ये बसलेली काही माणसं खाली झुडपांत आपापल्या जागी दबून राहणार. नियम एकच होता. हाकेवाले दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. एकानं सोडली. झुडूप हललं, बंदूक उडाली. डुक्कर नव्हतं, माणूस होता.

संध्याकाळपर्यंत गावानं त्याला जाळलं आणि सांगितलं की लाकडाला गेलो होतो, हा आपला घोळका सोडून एकटाच पुढं गेला, गव्यानं मारला. गोळी झाडणाऱ्याचं नाव गावानं गिळलं. मेलेल्याच्या मागं बायको होती आणि अकरा महिन्यांची मुलगी. त्या बाईच्या शेताचं गावानं करायचं ठरलं. तेव्हापासून आजपर्यंत गावातली पहिली लावण तिच्या शेतात होते. सगळं गाव ढोल वाजवत तिच्या चिखलात उतरतं, तिची रोपं लागतात, मगच दुसऱ्या कुणाच्या शेतात तरव्याची, म्हणजे भातरोपांची, पेंडी सुटते. तोवर कुणी हात लावत नाही.

हे प्रकरण टाइप करताना माझे डोळे भरून आले होते. "खरंच असं करतात, मामा?"

"करत्यात की. त्या पोरीला वाटतं, आपल्या आज्याचा मान हाय."

मामांनी नावं बदलली होती. गोळी झाडणारा तो 'भैरू', मेला तो 'राघू'. पण दहाव्या पानाच्या पुढं गेलं की त्यांच्या हातून खरी नावं पडायची. भैरूचा मधेच शाणू व्हायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मान वर करून बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "मीच त्यो. लिवा फुडं."

मी लिहीत राहिले. अर्जात काय घ्यायचं, काय पोटात ठेवायचं, हे सत्तावीस वर्षांचं कसब त्या दिवशी मला भारी उपयोगी पडलं असं मला वाटलं. गोंधळ नको म्हणून प्रत्येक पात्राच्या कार्डावर मी डावीकडं कादंबरीतलं नाव घातलं आणि उजवीकडं खरं. भैरू, शाणू. राघू, पुंडू. राघूची मुलगी, शेवंती. बोटांना वळण होतंच.

बाकीची कार्डं मामांनी भरभरून सांगितली. भैरूच्या भीतीचा रकाना तर पानभर झाला. राघूच्या कार्डाशी आलो तेव्हा मी विचारलं, "हा दिसायला कसा? सवयी काय?"

"त्याचं काय भरायचं, अक्का? त्यो पयल्याच परकरनात जातोय."

कार्ड कोरं राहिलं.

मग मी तक्ता भरायला घेतला. हाक्याची ती दुपार घटकाघटकानं मांडली. भैरू त्याच्या जागी. राघू ओढ्यापलीकडं त्याच्या जागी. त्याच्यानंतर राघू एकदम भैरूपासून वीस पावलांवर, मेलेला. मध्ये रिकामा चौकोन.

"मामा, हा जागा सोडून इकडं आला कशाला?"

"आला."

"पण कशाला? वाचणारा विचारणार. ओढा ओलांडून यायचं म्हणजे काही कारण—"

"मानसं येत्यात अक्का!" ते इतक्या मोठ्यानं बोलले की झेरॉक्सला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. मग आवाज खाली आला. "चुकार हुता त्यो. समदं गाव म्हनतंय. आमच्यात अजून म्हन हाय, कुनी हातातलं काम टाकून उठला की म्हनत्यात, पुंडू झालास काय रं?"

मी गप्प बसले. कादंबरी गिऱ्हाइकाची, चौकोनही त्याचाच.

मे महिन्यात काम पुरं झालं. मामा म्हणाले, तीन प्रती काढा, एक मला, एक शाळेला, एक शेवंतीला.

"शेवंतीला?"

"तिला वाचायचा नाद हाय. अंगनवाडीत हाय ती. नुसती गोस्ट म्हनून वाचू दे. त्या भैरूला ती काय म्हनती, त्येवडं ऐकायचं हाय मला." थांबून म्हणाले, "मरायच्या आदी."

इथं मी त्यांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष पुस्तकाच्या दिसण्याकडं होतं. माझ्या हातून पूर्ण झालेली ती पहिली कादंबरी. छापायला देताना सॉफ्टवेअर विचारतं, काय काय घेऊ? प्रकरणं घेऊ? शीर्षक घेऊ? पात्रांची कार्डं घेऊ? समोर चौकोन असतो, त्यावर बरोबरची खूण करायची. मला वाटलं, सुरुवातीला पात्रपरिचय नसेल तर पुस्तक उघडंबोडकं दिसेल. मी खूण केली. शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' म्हणून माझं नाव आणि दुकानाचा पत्ताही घातला. तीन प्रतींना निळं स्पायरल बाइंडिंग केलं आणि नवऱ्याला दाखवत सुटले. आत काय छापून आलंय, ते उलटून बघितलं नाही.

मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. दुपारी एक बाई आली, चाळिशीची, छत्री मिटून उंबऱ्याशी उभी. हातात निळं स्पायरल.

"हे तुमी लिवलंय?"

मी हसून म्हटलं, "मी नाही हो, मी नुसती जुळणी."

"मी शेवंती."

ती स्टुलावर बसली नाही. पहिलं पान उघडून तिनं माझ्यापुढं धरलं. पात्रपरिचय होता. भैरू, शाणू. राघू, पुंडू. उजवीकडची खरी नावं तशीच छापून आली होती.

"आदी मला वाटलं नाटकच हाय," शेवंती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "शाणूमामा दर वर्सी लिवतात. म्हटलं ह्या जत्रंला भैरूचं काम मामा करनार. राघूच्या पोरीचं काम मला देनार. हसले बी. मग ही वळ वाचली. राघूचं काम पुंडू करनार." तिनं बोट ठेवलं. "माझा बाप मरून चाळीस वर्सं झाली, अक्का. मेलेला मानूस नाटकात काम कसं करंल?"

मी तिच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

"म्हनून फुडं वाचलं. समदं वाचलं. दोनदा."

"बाई, माझी चूक झाली. ते छापायचं नव्हतं."

"नावं छापली नसती तर, लावनीवरनं वळखूनसुदिक, मी भैरूला माफ केलं असतं," ती म्हणाली. "गोस्टीतल्या मानसाला काय, कुनी बी माफ करतंय. मामांना तेच पायजे हुतं न्हवं?"

मग तिनं पानं उलटली. सुरुवातीला नुसती नावं होती, आख्खी कार्डं पुस्तकाच्या शेवटी आली होती. भैरूचं दोन पानं. हाकेवाल्यांची अर्धं अर्धं. राघूचं कार्ड तिनं माझ्यासमोर ठेवलं. नाव होतं, वयासमोर काही नाही, दिसण्यासमोर काही नाही, सवयी, भीती, काही नाही.

"हे कोरं का?"

"मामा म्हणाले, पहिल्याच प्रकरणात जातो—"

"माज्याकडं बापाचा फोटू न्हाई. आई, अव्वा म्हनायचे मी तिला, मरेस्तोवर त्याच्याबद्दल बोलली न्हाई. गावात त्याचं नाव निगतं ते कुनाला तरी शिवी द्यायची म्हनून. पुंडू झालास काय? साळंत मला बी म्हनायचे, पुंडूची पोर, बाकावरनं उठती बग." तिनं कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. "हे भरून पायजे मला. दुसरं काय नको. पोलीस नको, पंच नको. मामांना घेऊन येते मी. तुमी लिवा."

चार दिवसांनी ती त्यांना घेऊन आली. एकाच बसनं आली होती दोघं, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून आली असणार, तशी चालत होती. मामा आठ-पंधरा दिवसांत वाळून गेले होते. तिनं त्यांना स्टूल दिलं, स्वतः उभी राहिली. मी फाइल उघडली. दोनदा चुकीचं कार्ड उघडलं.

"वय," मी म्हटलं.

"सव्वीस. माज्याहून दोन वर्सानं ल्हान."

"दिसणं."

"उंच. डाव्या भुवयीवर खोक हुती, ल्हानपनी फनसावरनं पडलेला. माज्यासंगंच पडला. मला काय झालं न्हाई."

शेवंतीचा हात नकळत स्वतःच्या भुवईकडं गेला.

"सवयी."

"शीळ घालायचा. सूर न्हाई, काय न्हाई. नुसता वारा. आमी म्हनायचो, बाबा, गप बस, ढोरं बिचकत्यात." त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "नाटकात माजी रानी त्योच व्हायचा. जरीची साडी नेसायचा. मिशी काडायला तयार नसायचा."

"भीती."

"जळवांची. येवडा उंच मानूस, जळू बगितली की उड्या मारायचा. म्हनून त्याला ओढ्यापल्याड सुक्यात जागा दिल्याली."

मी लिहीत होते. खाली एकच रकाना उरला. मी तो वाचला नसता तरी चाललं असतं, पण शेवंती पडद्याकडं बघत होती, तिनंच वाचला.

"या पात्राला काय हवं आहे?" मग मामांकडं वळून, "काय पायजे हुतं त्याला, मामा? जागा सोडून कशापायी आला?"

मामांनी डावा तळहात पुढं केला आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर घासला. तंबाखू मळतात तसा. एकदा, दोनदा. मला वाटलं, म्हाताऱ्याला तलफ आली.

"असं केलं मी," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"हाक्याला दबून बसलेल्यानं वरडायचं नसतं. माजी चुन्याची डबी घरात ऱ्हायल्याली. ओढ्यापल्याड त्यो दिसत हुता. मी त्याला असं करून दावलं. चुना. त्यानं मान हालवली." हात अजून तसाच पुढं होता. "त्याला काय पायजे नव्हतं, शेवंते. मला पायजे हुतं. ओढ्यात जळवा हुत्या, म्हनून त्यो लांबनं वळसा घालून आला. येळ लागला. तवर वरनं हाका उटला, पत्रे वाजाय लागले, डुकरं सुटली. मी इसरलो. बोलवलेलंच इसरलो. झुडूप हाललं."

शेवंती त्यांच्या तळहाताकडं बघत होती.

"जाऊन बगितलं तर मुठीत डबी हुती त्याच्या. ती काडून घेतली. मग बोंब मारली."

"अव्वाला म्हाईत हुतं?"

"गोळीचं म्हाईत हुतं. पयली लावन तिनंच मागून घेतली. चुन्याचं कुनालाच न्हाई."

"आनि चाळीस वर्सं," ती सावकाश म्हणाली, "समदं गाव म्हनलं, चुकार हुता, जागा सोडली. तुमी ऐकत बसला. ह्याच्यात बी तसंच लिवलंसा."

"व्हय."

मामांनी जी दोनशे पानं मनातलं ओझं उतरवायला लिहिली, त्यातही हे एवढंसं त्यांनी लिहिलं नव्हतं. गोळी कबूल केली, डबी नाही. त्यांचा तो रिकामा चौकोन मला दिसला होता आणि मी गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून गप्प बसले होते. ते माझ्या बाजूचं, ते मी मान्य करते.

"लिवा अक्का," शेवंती म्हणाली. मी रकान्यात लिहिलं, 'त्याला काही नको होतं. शाणूनं चुना मागितला, तो द्यायला आला.' तिनं वाचलं. फक्त त्या कार्डाची प्रिंट मागितली. निळं पुस्तक टेबलावरच सोडलं. जाताना मामांना हात दिला नाही, पण ते उंबरा उतरेपर्यंत थांबली.

पुढचं मी ऐकीव सांगते. रविवारी देवळात गाव जमलं तेव्हा तिनं ते कार्ड उभ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाली, यंदा माझ्या शेतात कुणी पाय ठेवायचा नाही. आणि घरी गेली.

गावाला वाटलं, चार दिवसांचा राग असेल. पण पहिली लावण तिची झाल्याशिवाय दुसऱ्यानं पेंडी सोडायची नाही, ही रीत. कुणाचाच हात पुढं होईना. चिखल तयार, पाऊस चांगला, आणि सगळं गाव आपापल्या बांधावर बसून. तरवा वाढून पिवळा पडायला लागला. म्हाताऱ्यांनी तिच्या दाराशी जाऊन विनवलं. ती म्हणाली, "तुमचं तुमी लावा. मी कुनाला धरलंय?" शेवटी खालच्या वाडीकडून एकानं न सांगता सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. ढोल वाजला नाही. यंदा त्या गावात भात निम्मं येईल म्हणतात.

मामा पुन्हा दुकानात आले नाहीत. त्यांची फाइल माझ्याकडं आहे. पुसावीशी वाटते, पुसता येत नाही. पाटीवरची ओळ मात्र मी त्याच आठवड्यात पुसून घेतली. वाघाचा विनोदही नवऱ्यानं यंदा केला नाही.

श्रावणात शेवंती कसल्याशा कागदाच्या झेरॉक्सला आली. बोटं चिखलानं फुटलेली. मी चहा मागवला. हा दिवाळी अंक माझ्याकडं लेख मागतोय, लिहू का म्हणून विचारलं. "लिवा," म्हणाली. "पर चुन्याचं गाळू नका."

"शेत?" मी विचारलं.

"लावलं. येकटीनं. निम्मं झालं, निम्मं पडीक ऱ्हायलं."

"आणि मामा?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "रोज येत्यात. सकाळधरनं बांधावर बसत्यात, पावसात बी. माज्याकडं बगत. काय बोलत न्हाईत, काय मागत न्हाईत."

"तू काही म्हणत नाहीस?"

"न्हाई." तिनं झेरॉक्स घडी घालून पिशवीत ठेवली, छत्री उघडली. "मदी ओढा हाय, पानी लई हाय. हात केला तर म्हातारा तसाच पान्यातनं यील, अक्का. म्हनून हात वर करत न्हाई मी. कपाळावरचा घाम बी पुसत न्हाई, त्ये बसल्यात तवर."